अँड, ऑर, नॉट: क्वेरीतल्या या चुका टाळा

दादरच्या एका गृहउद्योगाच्या फराळाच्या ऑर्डरी मी सांभाळते. एका दिवाळीत ताई म्हणाल्या, "दादर आणि परळच्या ज्यांचे पैसे बाकी आहेत, त्यांना मेसेज पाठव." यादी काढायला मी क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारायच्या प्रश्नात, ओळी निवडायची अट (व्हेअर) अशी लिहिली:

व्हेअर विभाग = 'दादर' ऑर विभाग = 'परळ' अँड पैसे = 'बाकी'

मेसेज गेले आणि पैसे केव्हाच चुकते केलेल्या दादरच्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. फार वाईट वाटलं. डेटाबेस अँड आधी सोडवतो, ऑर नंतर. गणितात बेरजेआधी गुणाकार करतो तसंच. त्यामुळे 'बाकी'ची अट फक्त परळला चिकटली, दादर अख्खं आलं. दोन्ही विभाग एका कंसात घाला, किंवा सरळ विभाग इन ('दादर', 'परळ') लिहा. मी आता अँड-ऑर एकत्र आले की गरज नसली तरी कंस घालते.

दुसरी चूक आपल्या बोलण्यातूनच येते. "दादर आणि परळची गिऱ्हाइकं" म्हणताना आपल्याला दोन्हीकडची माणसं हवी असतात. डेटाबेस मात्र एकेक ओळ तपासतो: ही दादरचीही आहे आणि परळचीही? अशी ओळ नसतेच, म्हणून अँड लिहिलं की यादी रिकामी. तिथे ऑर हवा. नकारात उलट: "दादरही नको, परळही नको" याला अँड लागतो. ऑर लिहिलात तर दादरची ओळ 'परळ नाही' म्हणून आत येते आणि परळची 'दादर नाही' म्हणून.

विभाग = 'दादर' ऑर 'परळ' असं तोडकं लिहू नका. पोस्टग्रेस हा डेटाबेस एरर देऊन थांबवतो; मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस क्वेरी चालवतो आणि परळ गुपचूप गळतं.

सगळ्यात छळतो तो नल. विभाग <> 'दादर' (म्हणजे 'दादर नाही') लिहिलं की ज्यांचा विभाग भरलेलाच नाही, तेही गळतात. नल म्हणजे 'माहीत नाही'; त्याच्याशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही, आणि व्हेअर फक्त खरं ठरलेलंच ठेवतो. त्या ओळी हव्या असतील तर ऑर विभाग इज नल जोडा, अर्थात कंसात. नॉट इनच्या यादीत एक जरी नल असला तरी निकालात एकही ओळ येत नाही. यादी सबक्वेरीतून, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीतून, येत असेल तर नॉट एक्झिस्ट्स वापरा.

यादी चुकीची वाटली तर एकेक अट काढून कौंट (ओळींची संख्या) बघा. आकडा जिथे अचानक उडी मारतो, गडबड बहुधा तिथेच सापडते. अपडेट (बदल) किंवा डिलीट करायचं असेल, तर आधी तोच व्हेअर सिलेक्टला (नुसत्या ओळी दाखवणाऱ्या क्वेरीला) लावून येणाऱ्या ओळी नीट वाचा.