आधी खुराडे, मग कोंबडी

आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले टोपलीत चिवचिवत असतात, मुले हट्ट धरतात आणि एखादे पिल्लू बुटाच्या खोक्यातून घरी येते. हौसेच्या कोंबडीपालनाची सुरुवात पुष्कळदा अशी होते आणि बहुधा थोड्याच दिवसांत ती संपतेही. ही पिल्ले बहुतांशी अंड्यांसाठीच्या जातींचे नको असलेले नर किंवा ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवले जाणारे पक्षी, असतात. ब्रॉयलर जगलाच, तर सहा आठवड्यांत त्याचे वजन दोन किलोंच्या आसपास जाते आणि ते त्याच्याच पायांना पेलवत नाही. लळा लावण्यासाठी कोंबडी हवी असेल, तर गावठी किंवा परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या वनराज, गिरिराज यांसारख्या जातींच्या, आठ ते दहा आठवडे वयाच्या, लसीकरण झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात. त्यांच्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय अंडी उबवणी केंद्रांत चौकशी करता येते.

कोंबडी कळपात राहणारी असल्यामुळे ती एकटी कधीच ठेवू नये. तीन ही सुरुवातीला बरी संख्या आहे. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. तो नसल्यास अंडी फलित होत नाहीत, एवढेच. शिवाय पहाटे चारला त्याचे आरवणे आपल्याला कितीही गोड वाटले, तरी शेजाऱ्यांना ते तसेच वाटेल याची खात्री देता येत नाही.

पक्षी आणण्यापूर्वी खुराडे पूर्ण तयार असावे, कारण कोंबडीला खरा धोका रात्रीचा असतो. अंधारात तिला फारसे दिसत नाही. ती निमूट बसून राहते आणि मुंगूस, मांजर किंवा भटका कुत्रा आयताच तिच्यापर्यंत पोहोचतो. तीन कोंबड्यांसाठी आत किमान दहा-बारा चौरस फूट जागा आणि दिवसा फिरायला त्याच्या दुप्पट-तिप्पट मोकळे आवार असावे. बाजारात सर्रास मिळणारी षटकोनी तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी वापरावी आणि तिचा फूटभर भाग जमिनीत पुरावा. कोकणासारख्या पावसाच्या मुलुखात खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच उचलावे, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात त्यावर सावली करून बाजूंना ओली गोणपाटे सोडावीत, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. झोपण्यासाठी आत जाड बांबू आडवा बसवावा आणि अंडी घालण्याची खोकी त्याहून खाली ठेवावीत. खोकी उंचावर राहिली तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात. तळाला भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरून तो वरचेवर हलवावा आणि ओला झाल्यास लगेच बदलावा, कारण दमट भुशामुळे तरुण पक्ष्यांना रक्ती हगवण लागते.

नव्या कोंबड्यांना पहिले तीन-चार दिवस आतच ठेवावे. घर ओळखीचे झाले की संध्याकाळी त्या आपणहून परततात. मात्र त्या मोजून कडी लावण्याचे काम आपलेच असते.

अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या, कोंबडीला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागते. त्यात अंड्यावरच्या पक्ष्यांसाठीचे तयार खाद्य मुख्य असावे आणि ज्वारी, तांदळाची कणी, भाजीचे देठ हे वरचे खाणे समजावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात द्यावा, नाहीतर अंड्यांचे कवच पातळ होते. खारट शिळे अन्न आणि बुरशी लागलेले धान्य कटाक्षाने टाळावे. थर्माकोलही आवाराबाहेर ठेवावे. कोंबड्या ते विलक्षण आवडीने टोचून खातात. कोरडी माती आणि राख यांचा एक खड्डा केल्यास त्या त्यात लोळून अंगावरच्या उवा स्वतःच कमी करतात.

रोगांमध्ये मानमोडी, म्हणजेच राणीखेत, सर्वांत घातक आहे. हिरवी हगवण, धाप, लुळे पंख आणि वाकडी झालेली मान ही तिची लक्षणे असून तिच्यावर औषध नाही, लस हाच उपाय आहे. एकाएकी मरतूक झाल्यास मृत पक्षी उघड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. कारण बर्ड फ्लूही असू शकतो; भारतात त्याचा पहिला उद्रेक 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात झाला होता. कोंबडी हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत आणि तिचा मुका घेऊ नये.

तिला माणसाळवण्यासाठी शेजारी जमिनीवर बसून तळहातावर दाणे द्यावेत. वरून झेपावणारा हात तिला घारीसारखा भासतो. उचलताना पाय धरून उलटे लटकवू नये. पंख अंगाशी दाबून पोटाखाली हात घ्यावा.

एखादी कोंबडी खोक्यातून उठेना आणि जवळ जाताच पिसे फुलवून गुरगुरू लागली, तर ती आजारी नसून खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे, असे समजावे. पिल्ले हवी असल्यास तिच्याखाली फलित अंडी ठेवावीत, ती 21 दिवसांत फुटतात. नको असल्यास तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या हवेशीर पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन पण खाली गवत न अंथरता ठेवावे, म्हणजे तिचे खुडूक बसणे थांबते.