पबच्या किचनचं धुरांडं बदलताना: प्लॅनिंगच्या अर्जाआधीची तयारी

धुरांडं गंजलं, पंखा खडखडायला लागला की ठेकेदार म्हणतो, "जुनं काढून नवं तर लावायचंय, त्याला कसली प्लॅनिंगची (बांधकामाची) परवानगी?" इंग्लंडात पबचं किचन चालवायला घेतलेल्या आपल्या मंडळींनी या बोलण्यावर विसंबू नये. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याच्या ५५व्या कलमानुसार, इमारतीच्या बाहेरच्या रूपात ठळक फरक पडत नसेल तरच असं काम परवानगीच्या कक्षेबाहेर राहतं. म्हणजे तीच जागा, तीच उंची, तीच जाडी. प्रत्यक्षात नवं धुरांडं बहुतेक वेळा जास्त जाड आणि उंच निघतं, कारण त्यात सायलेन्सर आणि फिल्टरची पेटी बसवायची असते. खरोखरच जसंच्या तसं बसत असेल, तर कौन्सिलकडून (स्थानिक नगरपालिकेकडून) लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम कायदेशीर असल्याचा दाखला, घेऊन ठेवा. पुढे लीज विकताना ते कामी येईल.

जुन्या पत्र्याला हात लावण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, टेप लावून व्यास आणि उंची लिहून ठेवा. एकदा ते भंगारात गेलं की आधी काय होतं हे दाखवायला हातात काहीच उरत नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर पबच्या पत्त्यावरची जुनी प्रकरणंही उघडून बघा. पंखा किती वाजेपर्यंत चालवायचा याची अट एखाद्या जुन्या परवानगीत असू शकते. इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, आहे का, हे हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत तपासा, आणि पब कॉन्झर्वेशन एरियात (जपणूक केलेल्या जुन्या भागात) येतो का तेही बघा. लिस्टेड असेल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट वेगळी लागते. तिची फी नसते, पण तिच्याशिवाय काम केलं तर तो गुन्हा ठरतो. अशा भिंतीवर ब्रॅकेटचे स्क्रू विटेत न मारता विटांमधल्या सांध्यात मारायचे, हे नकाशावरच लिहून द्या.

आता मुख्य गोष्ट, मेन्यू. पंख्याचं कोटेशन मागवण्याआधी मेन्यू पक्का करा, कारण वासाचा हिशेब तिथूनच सुरू होतो. डेफ्राच्या (पर्यावरण आणि अन्न खात्याच्या) २००५ च्या मार्गदर्शिकेत गुण देण्याची एक पद्धत होती. ती मार्गदर्शिका पुढे मागे घेतली गेली, पण तीच पद्धत ईमॅक या हवेच्या प्रदूषणावरच्या प्रशिक्षण उपक्रमाच्या मार्गदर्शिकेत चालू राहिली आणि कौन्सिलचे एन्व्हायर्नमेंटल हेल्थवाले (वास-आवाजाच्या तक्रारी बघणारे अधिकारी) आजही त्याच भाषेत बोलतात. धूर कुठे आणि किती वेगाने सुटतो, सगळ्यात जवळचं घर किती लांब, किती जणांचं जेवण, आणि काय शिजतं, अशा चार बाबींच्या गुणांची बेरीज करायची; बेरीज जितकी मोठी, तितका वासाच्या त्रासाचा धोका जास्त. समजा धुरांडं छपराच्या माथ्यापेक्षा १ मीटर वर जातं आणि हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने सुटते: ५ गुण. शेजारचं घर २० मीटरच्या आत: १०. ३० ते १०० जणांची बसायची सोय: ३. साधं पबचं जेवण: १. बेरीज १९, म्हणजे धोका कमी ते मध्यम. त्याच किचनमध्ये भारतीय जेवण सुरू केलं की शेवटच्या १ चे ७ होतात, बेरीज २५, आणि बेरीज २० किंवा त्याहून जास्त झाली की धोका "जास्त" धरतात. तळणाचा भर असेल तर ७ ऐवजी १०. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक, वेस्ट ब्रॉमविचकडच्या देसी (भारतीय जेवण देणाऱ्या) पबांसारखा मिक्स्ड ग्रिल किंवा आपली लसणाची फोडणी डोक्यात असेल, तर अर्जात "पब फूड" एवढंच लिहून भागवू नका. वास लपत नाही. तक्रार आली की कागदावरचा मेन्यू आणि कढईतला मेन्यू शेजारी ठेवून बघतील.

"जास्त" धोका म्हणजे ग्रीसच्या जाळ्यांनंतर बारीक फिल्टर किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक युनिट (विजेच्या भाराने धुराचे कण ओढून घेणारं यंत्र), आणि त्यानंतर कार्बन फिल्टर, ज्यात हवा ०.२ ते ०.४ सेकंद रेंगाळली पाहिजे. ग्रीस आधी नीट अडलं नाही तर कार्बनवर तेलाचा थर बसतो आणि तो निकामी होतो. फिल्टर वाढले की हवेला अडथळा वाढतो, म्हणून पंखा मोठा लागतो आणि आवाजही वाढतो. म्हणून आवाजाचा अहवाल फिल्टर ठरल्यावरच करवून घ्या. तो बीएस ४१४२ या आवाज मोजण्याच्या ब्रिटिश मानकाप्रमाणे असावा: मोजणी शेजाऱ्याच्या खिडकीच्या बाजूला, आणि किचन चालू असतानाच्या सगळ्यात शांत वेळेची. रात्री तिथे मुळातला आवाज ३८ डेसिबल असेल, तर पंख्याचा आवाज त्याहून ५ किंवा १० डेसिबल कमी हवा, असं बऱ्याच कौन्सिल सांगतात. मापाचं बंधन प्रत्येक कौन्सिलचं वेगळं, म्हणून आधी फोन करून विचारा. पंख्याखाली कंपन शोषणारे माउंटही लिहा. नाहीतर घरघर भिंतीतून थेट वरच्या फ्लॅटमध्ये पोचते. धुरांड्याच्या तोंडावर टोपी बसवू नका. तिने धूर वर जायचा तो खाली वळतो.

नकाशांचं लवकर उरकतं. १:१२५० चा जागेचा नकाशा, त्यावर लाल रेघ; १:५०० किंवा १:२०० चा ब्लॉक प्लॅन; आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या बाजू १:५० किंवा १:१०० मध्ये. नकाशातला पंखा, अहवालातला पंखा आणि कोटेशनमधला पंखा एकाच मॉडेलचा आहे ना, हे मात्र स्वतः बसून जुळवा. फॉर्ममध्ये जैवविविधतेचा प्रश्न येईल. भिंतीवरच्या धुरांड्याने कुठलीच हिरवळ जात नसेल तर सूट मिळते, पण सूट का लागू होते ते लिहावं लागतं. कौलांखाली काम असेल तर वटवाघळांची पाहणी लागेल का तेही विचारा. ती पाहणी वर्षातल्या ठराविक काळातच होते.

इमारत पब कंपनीची असेल तर अर्जातलं सर्टिफिकेट बी (मालक दुसरा आहे हे सांगणारं) भरा आणि मालकाला रीतसर नोटीस द्या. लीजखाली त्यांची लेखी संमती वेगळी लागते, प्लॅनिंगची परवानगी मिळाली म्हणून ती मिळाली असं होत नाही. शेजाऱ्यांकडे मात्र कौन्सिलचं पत्र जायच्या आधी स्वतः जा. आवाज आणि वास आधीपेक्षा कमी होणार असेल तर ते तुमच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं बरं. त्यांना हरकती पाठवायला सहसा २१ दिवस असतात आणि निर्णयाची मुदत ८ आठवडे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरा.

परवानगीशिवाय लावून टाकलं तर २५ एप्रिल २०२४ पासून अशा कामावर कौन्सिलला ४ ऐवजी १० वर्षं कारवाई करता येते. परवानगी आल्यावर अटी वाचा: फिल्टरचा तपशील आधी मंजूर करून घ्या, अशी अट असेल तर त्या मंजुरीचं पत्र येईपर्यंत फिटरला तारीख देऊ नका. फिल्टर बदलल्याच्या पावत्या आणि डक्ट साफ केल्याचे दाखले एका फाइलमध्ये लावत चला, एन्व्हायर्नमेंटल हेल्थचा माणूस आला की तेच विचारेल.