घरी बनवलेल्या अँप्लिफायरचा आवाज फाटतोय? दोष असा शोधा

आवाज फाटू लागला की पहिला संशय आयसीवर जातो आणि ती बदलली जाते. बहुतेक वेळा आयसी निर्दोष निघते. दोष सप्लायमध्ये किंवा ग्राउंडच्या वायरिंगमध्ये असतो. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी आवाज नेमका कधी फाटतो ते पाहा. उदाहरणाला नेहमीचाच संच घेऊ: टीडीए २०३० ही अँप्लिफायर आयसी, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर (मधली तार म्हणजे सेंटर टॅप), ८ ओहमचा स्पीकर.

आधी स्पीकर बदला, मग मोबाइल किंवा प्लेअर बदला. मोबाइलमधला इक्वलायझर बंद करा. घासणारी व्हॉइस कॉइल आणि वाढवलेला बास यांच्यामुळे अँप्लिफायर उगाच बदनाम होतो.

मोठ्या आवाजातच फाटतो

हे बहुधा क्लिपिंग, म्हणजे सप्लायच्या मर्यादेवर सिग्नलची शिखरे कापली जाणे. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट एसीचे शिखर १७ व्होल्ट, डायोडचा ०.७ गेला की १६ च्या आसपास. लोड आल्यावर तो १४ पर्यंत उतरतो आणि त्यातले दोनेक व्होल्ट आयसी स्वतःकडे ठेवते. म्हणजे स्पीकरला जेमतेम १२ व्होल्टचे शिखर, ८ ओहमवर सुमारे ९ वॅट. फीडबॅकला (आउटपुटचा भाग परत इनपुटकडे देणाऱ्या जोडीला) २२ के आणि ६८० ओहम असतील तर गेन (सिग्नलची वाढ) ३३ पट, इनपुटला ०.३६ व्होल्टचे शिखर आले की छत गाठले. पूर्ण आवाजावरचा मोबाइल बहुधा याहून जास्त देतो, त्यामुळे पॉट (आवाजाचे बटण) अर्ध्यावर यायच्या आतच आवाज फाटतो. ६८० च्या जागी १ के लावा, गेन २३ पट होईल. १६ पटीखाली मात्र नेऊ नका, आयसी अस्थिर होते.

फिल्टर कपॅसिटरही तपासा. १ अँपिअर ओढल्यावर २२०० मायक्रोफॅरडवर साधारण साडेचार व्होल्टचा रिपल (सप्लायचा चढउतार) येतो, ४७०० वर दोन. (लोड नसताना सप्लाय ±१८ च्या वर दिसला तर साधी २०३० धोक्यात आहे; २०३०ए ±२२ पर्यंत सोसते.)

दहा-पंधरा मिनिटांनी फाटून, थंड झाल्यावर सुधारत असेल तर हीटसिंक लहान आहे किंवा थर्मल पेस्ट नाही.

हळू आवाजात खरखरीत वाटतो

ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये हा क्रॉसओव्हरचा दोष (सिग्नल शून्यातून जाताना होणारी मोडतोड), म्हणजे बायस (सिग्नल नसतानाही वाहणारा थोडा करंट) कमी. सिग्नल न देता आउटपुटच्या ०.२२ ओहम एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजा. ५ ते १० दिसावेत. शून्य असेल तर प्रीसेट (बायस ठरवणारा छोटा पॉट) अगदी हळू फिरवा. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटलेला नसेल तर गरम झाल्यावर करंट वाढत जाऊन आउटपुट जळते. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत, ६० वॅटचा फिलामेंट बल्ब असू द्या.

सिग्नल नसतानाही आयसी तापते

आयसी ऑसिलेट होत असेल, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करत असेल. आउटपुटपासून ग्राउंडला १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये आहेत ना, आणि पिन ३ व ५ (सप्लायच्या पिना) यांच्या अगदी मुळाशी ०.१ मायक्रोफॅरडचे (१०४ छापलेले) कपॅसिटर आहेत ना, ते बघा. सप्लायच्या टोकाला लावलेले काही कामाचे नाहीत. लांब वायर त्यांचा परिणाम मारून टाकते.

ग्राउंड

इथेच सर्वांत जास्त वेळ द्या. पॉट पूर्ण बंद करा. गुणगुण तशीच राहिली तर दोष आत आहे. गेली तर इनपुटच्या केबलमध्ये.

आतला दोष असा होतो. डायोडमधून कपॅसिटर भरणारा करंट झटक्यांनी येतो. सेंटर टॅप ते कपॅसिटर या वायरचा रेझिस्टन्स ५ मिलिओहम आणि झटका ३ अँपिअरचा धरा: १५ मिलिव्होल्ट. इनपुट ग्राउंड एका टोकाला आणि फीडबॅकचे दुसऱ्या टोकाला असेल, तर तेच ३३ पट होऊन स्पीकरवर अर्धा व्होल्ट येतो! म्हणून दोन्ही कपॅसिटरच्या मध्यापासून आखूड, जाड वायर एका बिंदूवर आणा. स्पीकरची परतीची वायर तिथे. इनपुट आणि फीडबॅकचे ग्राउंड आधी एकत्र, मग एकाच वेगळ्या वायरने तिथे. सप्लायच्या कपॅसिटरचे ग्राउंड या दुसऱ्या वायरला शिवू नये, कारण प्लस आणि मायनस सप्लायमधून प्रत्येकी अर्धीच लहर वाहते आणि ती सिग्नलमध्ये मिसळली की दुसरा हार्मोनिक (मूळच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) वाढतो.

मोजून खात्री

स्पीकरच्या जागी ८.२ ओहम, १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावा (चटका देतो). १ किलोहर्ट्झचा साइन टोन द्या. आउटपुट १० के आणि १ के च्या विभाजकातून, म्हणजे ११ पट कमी करून, साउंड कार्डच्या लाइन-इनला द्या आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल, याचा आलेख) काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर चार्जरचीच गुणगुण मोजाल. ३ आणि ५ किलोहर्ट्झला टोके दिसली तर क्लिपिंग किंवा क्रॉसओव्हर. पातळी कमी केल्यावर टोनच्या मानाने ती वाढली तर क्रॉसओव्हरच. २ किलोहर्ट्झ मोठा असेल तर ग्राउंडकडे परत जा. ९०० आणि ११०० हर्ट्झला जोडी दिसली तर सप्लायचा १०० हर्ट्झ रिपल सिग्नलला हलवतो आहे.

ब्रिज प्रकारच्या बोर्डावर ही जोडणी करू नका. तिथे स्पीकरचे कोणतेच टोक ग्राउंड नसते आणि साउंड कार्डच्या ग्राउंडमुळे आउटपुट शॉर्ट होते.