मतावलीतून ‘किती शिकलात?’ विचारताना या चुका टाळा

दरवर्षी एम.एड.चे लघुशोधनिबंध वाचते आणि निष्कर्षात तेच वाक्य भेटतं: ‘या पद्धतीमुळे विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली.’ आधार काय, तर मतावली, म्हणजे विधानांपुढे ‘सहमत-असहमत’ अशी खूण करून मत नोंदवायचा कागद. चाचणी घेतलेलीच नसते.

‘समजलं’ म्हणजे शिकले, असं धरणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. घटक तोच, हातात दिलेले कागद तेच. एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकलं, दुसऱ्याने आपसांत डोकं लावून उदाहरणं सोडवली. आपण जास्त शिकलो असं व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं; चाचणीत जास्त गुण पडले ते दुसऱ्यांना. धडपडताना ‘मला येत नाही’ वाटतं, आणि ओघवतं बोलणं ऐकताना सगळं येतंय असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ लिकर्टने १९३२ मध्ये ‘सहमत-असहमत’वाली श्रेणी मांडली तीही अभिवृत्ती, म्हणजे माणसाचा कल, मोजायला; अपूर्णांक आले की नाही, हे त्यातून कळायचं नाही. म्हणून मी मतांचा तक्ता आणि गुणांचा तक्ता वेगळेच करायला लावते. दोन्ही जुळले नाहीत तर उत्तम, लिहायला काहीतरी मिळालं.

शिकवणाऱ्यानेच मतावली वाटणं

आमच्या एका प्रशिक्षणार्थ्याने आठवीत पाठ संपताच मतावली वाटली आणि फळ्यापाशीच उभा राहिला. कागदावर नाव, हजेरी क्रमांक, सगळं. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘सर, कुठं टिक करू?’ ‘तुला वाटेल तिथं.’ पोराने सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि ‘पूर्णतः सहमत’वर खूण केली. तीच खूण बघत बघत शेवटच्या बाकापर्यंत गेली. ‘या तासाला मला कंटाळा आला’ या विधानापुढेसुद्धा पूर्णतः सहमत! सरासरी देखणी आली, गडी खूश. गठ्ठा बाद करायला लावला तेव्हा म्हणतो, ‘मॅडम, सबमिशन परवा आहे.’ म्हणजे घाई यांची आणि खोटं बोलायचं पोरांनी.

माझी सवय अशी: नाव नको, शिकवणारा वर्गाबाहेर, वाटायला दुसरा शिक्षक, आणि दोन-तीन विधानं उलटी, ‘कंटाळा आला’सारखी. शिवाय चार-पाच मुलांना बाजूला घेऊन ‘काय कळलं, एक उदाहरण सांग’ विचारायचं. वेळ जातो. जाऊ दे.

बाकीच्या

‘पाठ रंजक व सोपा होता’: विधान एक, प्रश्न दोन.

‘अध्ययन अनुभूती समाधानकारक होती’ असलं आठवीच्या मुलापुढे ठेवू नका. आधी घरातल्या पोराला वाचायला द्या.

गूगल फॉर्मची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. सहावीच्या मुलाने ‘अध्यापन अत्यंत प्रभावी वाटले’ असं लिहिलेलं दिसलं की तो फॉर्म आईने भरलाय असं धरून मी बाजूला काढते.