पॅनलला लॅपटॉप लावायचाय? केबल बॅगेतून सगळ्यात शेवटी काढा

परवा आमच्याकडचा नवीन पोरगा महापेच्या एका साइटवरून फोनवर, सर पिंगला रिप्लाय येतोय पण सॉफ्टवेअरमध्ये पीएलसी (पॅनलमधला, मशीन चालवणारा कंट्रोलर) दिसतच नाहीये. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झाला, लॅपटॉप दोनदा रिस्टार्ट. मी विचारलं वायफाय चालू आहे का, तर म्हणे हो, व्हॉट्सअ‍ॅपसाठी ठेवलंय. झालं कल्याण. प्लांटच्या ऑफिसातला राउटर १९२.१६८.०.१ आणि पीएलसीपण १९२.१६८.०.१, म्हणजे हा बिचारा अर्धा तास राउटरशी गप्पा मारत बसलेला. म्हटलं एकदा लिहूनच टाकू, दर वेळी फोनवर तेच तेच सांगायचा कंटाळा येतो.

सुरुवात गेटपासून. लॅपटॉप, कन्व्हर्टर, डोंगल, सगळ्याची सिरीयल नंबरसकट नोंद करून रिटर्नेबल गेटपास घ्या, नाहीतर संध्याकाळी वॉचमन सोडत नाही आणि सही करणारा साहेब तोवर घरी पोचलेला असतो. आत गेल्यावर शिफ्ट इनचार्जला सांगा की मी अमुक पॅनलला लॅपटॉप लावतोय, आणि आता काय चालू आहे ते विचारा. बॅच अर्ध्यात असेल तर चहा घ्या, थांबा. केमिकल प्लांट असेल, तळोज्याला वगैरे, तर सॉल्व्हंट एरियात लॅपटॉप उघडायचाच नाही, साधा लॅपटॉप फ्लेमप्रूफ नसतो. काम कंट्रोल रूममधून करा, तसं होत नसेल तर परमिटशिवाय हात लावू नका.

आता पॅनल उघडा आणि नुसतं बघा. पीएलसी कुठला, पोर्ट कुठला, मोकळा आहे का. नवीन मशीनवर बहुतेक साधा लॅनचा पोर्ट असतो, तिथे सोपं आहे. सीमेन्सच्या जुन्या एस सेव्हन थ्री हंड्रेडला नऊ पिनचा पोर्ट दिसतो आणि आपला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर तिथे चक्क बसतो. बसतो म्हणून लावू नका!! तो एमपीआय पोर्ट आहे, सीमेन्सचा स्वतःचा, आरएस ४८५ (दोन तारांची सिरीयल लाइन) वाला, त्याला वेगळा एमपीआय अडॅप्टर लागतो. सीपीयूचा अ‍ॅड्रेस बदललेला नसेल तर २ आणि स्पीड १८७.५ केबीपीएस. अ‍ॅलन ब्रॅडलीच्या मायक्रोलॉजिक्सला गोल आठ पिनचा पोर्ट, त्याची केबलपण वेगळी. कन्व्हर्टर घेताना शंभर-दोनशे रुपये वाचवू नका, नकली चिपवाले विंडोज अपडेट झाल्यावर अचानक डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दाखवून झोपतात, आणि ते नेमकं साइटवरच होतं.

लॅनवाल्याकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथेच. आधी वायफाय बंद, ब्लूटूथवरून नेट घेत असाल तर तेही बंद. एकीकडे इंटरनेट आणि दुसरीकडे प्लांट असा लॅपटॉप म्हणजे चोराला दिलेली शिडी, आणि दोन्हीकडे एकच सिरीज निघाली तर आमच्या पोराचं झालं तेच होतं. मग पीएलसीचा आयपी शोधा. ड्रॉइंगमध्ये असतो, एचएमआयच्या (मशीनवरच्या ऑपरेटरच्या स्क्रीनच्या) सेटिंगमध्ये असतो, नशीब चांगलं असेल तर पॅनलच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. कुठेच नसेल आणि पीएलसी सीमेन्सचा असेल तर टीआयए पोर्टल या त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅक्सेसिबल डिव्हायसेस चालवा, तो मॅक अ‍ॅड्रेसवरून (प्रत्येक लॅन पोर्टला कारखान्यातच मिळालेल्या नंबरवरून) शोधतो त्यामुळे तुमचा आयपी वेगळ्या सिरीजचा असला तरी दिसतो. वर इंटरफेस म्हणून तुमचं लॅन कार्डच निवडलंय ना ते बघा, तिथे वायफाय निवडून बोंब मारणारे खूप पाहिलेत.

पीएलसी १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉपला त्याच सिरीजमधला वेगळा, लांबचा नंबर द्या, म्हणजे १९२.१६८.०.२४० वगैरे, सबनेट २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. लांबचा का, तर माझंच सांगतो. रबाळ्याला एका पॅकिंग लाइनवर रात्री काम होतं, मी १९२.१६८.०.१० ला पिंग मारला, उत्तर नाही, म्हटलं मोकळा आहे, घेतला. काम मस्त झालं, लॅपटॉप तसाच लावून खुर्चीत डुलकी काढली. सकाळी सातला फर्स्ट शिफ्टचे ऑपरेटर काका आले, त्यांनी मशीनचा एचएमआय चालू केला आणि पाच मिनिटांत मला हलवून उठवलं, "साहेब, स्क्रीनवर सगळीकडे हॅश हॅश येतंय, तुम्ही काय केलं?" रात्री मशीन बंद, एचएमआय बंद, तो कशाला पिंगला उत्तर देणार. त्याचाच नंबर मी बळकावून बसलो होतो. केबल उपटली, एचएमआय रिस्टार्ट केला, आकडे आले, पण काकांनी नंतर दिवसभर माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते अजून आठवतंय. तेव्हा पिंग गप्प म्हणजे जागा रिकामी असं नसतं. समोरचा बंद असू शकतो, नाहीतर विंडोजच्या फायरवॉलमुळे चालू असून बोलत नसतो. पिंगनंतर कमांड प्रॉम्प्टला एआरपी मायनस ए (arp -a) मारा, कुठल्या आयपीमागे कुठला मॅक ते दिसतं, फायरवॉलवाला तिथे मॅक अ‍ॅड्रेससकट सापडतो. बंद असलेला मात्र कशानेच सापडत नाही, त्याला यादीच लागते.

आणि उत्तर आलं तरी कोणाचं आलं ते बघा. एआरपीत दिसणारा मॅक आणि पीएलसीच्या तोंडावर छापलेला मॅक जुळला तरच तो आपला माणूस.

स्विचमध्ये मोकळा पोर्ट नसेल तर दुसऱ्याची केबल काढून आपली घालायची नाही, "दोन मिनिटं" म्हणत काढलेली केबल रिमोट आयओची (लांबच्या सेन्सर-व्हॉल्व्हला पीएलसीशी जोडणाऱ्या मोड्यूलची) निघते आणि लाइन ट्रिप. त्यापेक्षा बॅगेत छोटा पाच पोर्टचा स्विच ठेवा, पण तो मध्ये घालायलाही क्षणभर कोणाची तरी केबल काढावीच लागते, म्हणून तेही मशीन बंद असतानाच. लोंबकळणारं पॅचकॉर्डचं टोक दिसलं की त्याच स्विचमध्ये खुपसायचं नाही, साध्या स्विचवर त्याचा लूप होतो आणि अख्खं नेटवर्क गुदमरतं. आयपी स्कॅनरपण जपून, जुनी कार्डं त्याने हँग होतात.

जुनं सॉफ्टवेअर व्हीएमवेअरमध्ये (लॅपटॉपच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) चालवत असाल तर नेटवर्क ब्रिज्ड करा आणि ब्रिज कुठल्या कार्डाला ते हाताने निवडा, ऑटोमॅटिकवर ठेवलं की ते भलतंच पकडतं.

ऑनलाइन झालात? आता माऊसवरून हात काढा जरा. पीएलसीच्या भाषेत अपलोड म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपमध्ये आणि डाउनलोड म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीत, मोबाइलच्या सवयीच्या बरोबर उलटं. "प्रोग्राम डाउनलोड करून घेतो" म्हणत चालू मशीनवर जुना प्रोग्राम ढकललेली माणसं आहेत. पहिलं काम अपलोड, तारीख टाकून सेव्ह, मग बाकी. सीमेन्समध्ये हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड केलं की सीपीयू स्टॉपला जातो, आउटपुट पडतात, हे विचारणारा मेसेज येतो पण आपण घाईत ओके दाबतो. नुसतं बघायचं असेल तर मॉनिटर करा, फोर्सला (इनपुट-आउटपुट जबरदस्तीने चालू-बंद करण्याला) हात नको. केलाच तर कागदावर लिहा, निघताना काढा.

मॉडबसवाल्यांसाठी, म्हणजे सिरीयल लाइनवरून मीटर, ड्राइव्ह वगैरे वाचणाऱ्यांसाठी, थोडक्यात. आरएस ४८५ ला बोलत नसेल तर ए आणि बी या दोन तारा उलट्या करून बघा, प्रत्येक कंपनीचं मार्किंग वेगळं असतं आणि उलटं लागल्याने काही जळत नाही. बॉड रेट, पॅरिटी, स्लेव्ह आयडी दोन्हीकडे सारखं. हार्ट मोडेमला (ट्रान्समीटरशी त्याच्याच सिग्नलच्या वायरवरून बोलणारा) लूपमध्ये निदान २५० ओहम लागतात, ट्रान्समीटर सापडत नसेल तर आधी ते. कन्व्हर्टर आयसोलेटेड नसेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, अर्थिंगच्या फरकाने पोर्ट जातात.

पेनड्राइव्हचं सांगायलाच नको पण सांगतो. २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट व्हायरस पेनड्राइव्हवरून फिरला आणि सीमेन्सचं सॉफ्टवेअर असलेल्या कॉम्प्युटरवरून पीएलसीत घुसला, प्लांटला इंटरनेट नसताना. साइटचा लॅपटॉप वेगळा ठेवा, त्यावर पोरांचे गेम नकोत.

निघताना केबल काढा, पीएलसीचा रन दिवा आणि रन-स्टॉपच्या कीची पोझिशन बघा, ऑपरेटरसमोर स्क्रीनवरचे दोन-तीन आकडे बदलतायत ना ते तपासा. वापरलेले सगळे आयपी, बंद डिव्हाइसचेपण, कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. आणि लॅपटॉपचा आयपी परत ऑटोमॅटिक करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात लॅन केबल लावून नेट का नाही म्हणून आयटीवाल्याला बोलवाल आणि तो दहा सेकंदांत शोधून सगळ्यांसमोर हसेल.