कॉलेज चांगलं की शहर चांगलं? इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरताना दोन्ही कसं तोलायचं

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे सांगलीत दर वर्षी दोन सल्ले फुकट मिळतात. मुलगा असेल तर "पुण्यात टाका हो, कुठलंही चालेल", आणि मुलगी असेल तर "लांब कशाला, जवळचं जे मिळेल ते घ्या". मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि दर पावसाळ्यात वर्गातल्या, नात्यातल्या, शेजारच्या पोरांचे कॅपचे, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, फॉर्म भरायला बसते, त्यामुळे हे दोन्ही सल्ले ऐकून ऐकून माझा संयम संपलाय. दोन्हींमध्ये एक गोष्ट कुणी विचारतच नाही, की चार वर्षं पोराला शिकवणार कोण आणि लॅबमध्ये त्याच्या हाताला काय लागणार. म्हणून मी स्वतः कसं करते ते सविस्तर लिहितेय. कागदपत्रं, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल हे सगळं तयार आहे असं धरून चालते.

आधी यादी

मागच्या दोन वर्षांचे कटऑफ सीईटी सेलच्या साईटवर असतात, ते घ्या आणि आपल्या पर्सेंटाईलच्या थोडं वरपासून बरंच खालपर्यंतची कॉलेजं लिहून काढा. कटऑफच्या कॉलमवर जो कोड असतो त्याचं शेवटचं अक्षर बघायला विसरू नका, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. बारावी कुठल्या जिल्ह्यातून केली त्यावर तुमची होम युनिव्हर्सिटी ठरते, आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या भागात बाहेरच्यांना जागा कमी असतात, म्हणजे त्याच मार्कांवर आपल्या भागात बऱ्याचदा जास्त चांगलं कॉलेज मिळतं. शहराच्या ओढीची ही पहिली किंमत, आणि ती फॉर्म भरायच्या आधीच भरावी लागते.

पत्ता वाचा

यादीत जिल्हा पुणे लिहिलंय म्हणजे कॉलेज पुण्यात आहे असं नाही. अवसरीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज पुणे जिल्ह्यातलंच, पण ते आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ. कॉलेज वाईट नाही, पण "पोरगं पुण्यात आहे" असं सांगायला म्हणून टाकणार असाल तर नकाशा बघा. मुंबईच्या नावाखाली कर्जत-पनवेलपर्यंतची कॉलेजं येतात. प्रत्येकाचा पत्ता मॅपवर टाका, जवळचं स्टेशन किंवा स्टँड किती लांब ते लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे.

डिपार्टमेंट तपासा, कॉलेज नाही

नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जाच्या मान्यता, पण नॅक पूर्ण कॉलेजला मिळतं, एनबीए एकेका ब्रँचला. त्यामुळे गेटवर "एनबीए अक्रेडिटेड" असा बोर्ड असला तरी तुमची ब्रँच त्यात आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे हे एनबीएच्या साईटवर बघा. मग कॉलेजच्या वेबसाईटवर मँडेटरी डिस्क्लोजर शोधा, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण बघणारी केंद्राची परिषद) नियमाने ते ठेवावंच लागतं, त्यात त्या ब्रँचला शिकवणारे किती आणि जागा किती हे मिळतं. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा एआयसीटीईचा हिशोब. 2024-25 पासून जागांवरची कमाल मर्यादा निघाली, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या, तेव्हा जागा वाढल्या पण शिक्षक तेवढेच राहिले का हे आता मुद्दाम बघावं लागतं.

प्लेसमेंटसाठी ब्रोशरमधलं हायेस्ट पॅकेज सोडून द्या, तो एका मुलाचा आकडा असतो. जी कॉलेजं एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये, भाग घेतात त्यांनी सरकारला दिलेली माहिती वेबसाईटवर टाकलेली असते, त्यात किती मुलं वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, मीडियन म्हणजे मधल्या मुलाचा पगार किती हे असतं. आकडे पूर्ण कॉलेजचे असतात, ब्रँचचे नाही, पण भरती झालेली मुलं आणि वेळेत बाहेर पडलेली मुलं यातली तफावत बघितली तरी पुष्कळ कळतं.

आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष जा, सुट्टीत नाही, कॉलेज चालू असताना. प्रिन्सिपॉलना भेटायची गरज नाही. डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर टाइमटेबल लावलेलं असतं आणि त्यात विषयाखाली शिकवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं असतात, ती वाचा. एकाच माणसाची अक्षरं सेकंड इयर, थर्ड इयर, फायनल सगळीकडे दिसत असतील किंवा दोन-तीन विषयांखाली नुसतं "नवीन फॅकल्टी" लिहिलं असेल, तर तिथे माणसं कमी आहेत, वेबसाईटवर काहीही असो. मग लॅबमध्ये डोकवा. यंत्रावर प्लॅस्टिकचं कव्हर आहे आणि कव्हरवर धुळीचा थर आहे, असं एकदा बघितलं की पुढे काही विचारावं लागत नाही. टपरीवर चहा पिणाऱ्या थर्ड इयरच्या पोरांना विचारा की प्रॅक्टिकल खरंच होतात का जर्नल उतरवून घेतात, ती खरं सांगतात.

आता अवघड भाग: शहराची खरी किंमत

डिपार्टमेंट तरी तपासता येतं. "शहर" हा शब्द मात्र असा धुरकट आहे की त्याच्या नावाखाली काहीही खपतं. एक्सपोजर मिळतं, कंपन्या असतात, पोरगं स्मार्ट होतं. मला सुरुवातीची काही वर्षं यावर पालकांना काय उत्तर द्यावं हेच समजायचं नाही, कारण म्हणणं पूर्ण खोटंही नव्हतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की शहराबद्दल एकच मोठा प्रश्न विचारला की वाद होतो, आणि तोच फोडून वेळ, पैसे, इंटर्नशिप आणि ब्रँचचा धंदा असा वेगवेगळा विचारला की उत्तर कागदावर दिसतं. इथे घाई करू नका, हवं तर एक संध्याकाळ घालवा.

पहिलं, वेळ. पहिल्या पाच सेमिस्टरांत पोरगं सकाळी कॉलेजात जातं आणि संध्याकाळी सुटतं, मग सबमिशन. त्या काळात शहर त्याला देतं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर फार थोडं. उलट कॉलेज शहराच्या एका टोकाला आणि राहायची जागा दुसऱ्या टोकाला असेल तर शहर रोज काढून घेतं. बदलापूर-विरारहून माटुंग्याला रोज लोकलने जाणं वेगळं आणि हॉस्टेलवरून चालत वर्गात जाणं वेगळं. मी प्रत्येक कॉलेजपुढे दाराशी ते दार असा एका बाजूचा वेळ लिहायला लावते, गुगलचा नाही, गर्दीच्या वेळचा खरा. एका बाजूला दीड तासाच्या वर गेलं तर माझ्या यादीत ते कॉलेज खाली सरकतं, मग नाव कितीही मोठं असो, अपवाद फक्त हॉस्टेल नक्की मिळणार असेल तर.

दुसरं, पैसे. इथे आता एक नवीन गोष्ट झालीय. ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मधल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. फार चांगली गोष्ट, पण त्यामुळे पालक म्हणतात आता खर्चाचा प्रश्नच नाही. फी माफ झाली, कॉट बेसिसची (एका कॉटचं भाडं देऊन घेतलेली) खोली, डिपॉझिट, मेस, बसचा पास हे माफ झालेलं नाही, आणि हाच खर्च गावागणिक बदलतो. तेव्हा फी एका कॉलममध्ये आणि राहण्याचा खर्च दुसऱ्या कॉलममध्ये, दोन्ही चार वर्षांचे लिहा. कॉलेजचं वसतिगृह चारही वर्षं मिळतं की फक्त पहिल्या वर्षी, हा प्रश्न फोन करून विचारा, ब्रोशरमध्ये "हॉस्टेल उपलब्ध" एवढंच असतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी स्वाधार योजना आहे, त्यांच्या अटी आत्ताच वाचून ठेवा, ऑक्टोबरमध्ये नाही.

तिसरं इंटर्नशिप, आणि शहरवाल्यांचा सगळ्यात खरा मुद्दा हाच आहे. कंपन्या हिंजवडीत, चाकणला, ऐरोलीला आहेत हे मान्य. पण इंटर्नशिप कधी असते ते बघा. बऱ्याच ऑटोनॉमस (सिलॅबस आणि पेपर स्वतः ठरवणाऱ्या) कॉलेजांत शेवटच्या वर्षाचं एक अख्खं सेमिस्टर इंटर्नशिपसाठी मोकळं ठेवतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतातच. म्हणजे सांगली-नांदेडचं पोरगं त्या सहा महिन्यांसाठी पुण्यात खोली घेऊन राहू शकतं आणि राहतंच. शहर असं नंतर भाड्याने घेता येतं, थर्ड इयरला न शिकलेला विषय नाही घेता येत. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज सांगलीत विश्रामबागला आहे, एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज नांदेडला विष्णुपुरीत आहे, कंपन्या दोन्हीकडे येतात, कारण त्यांना पोरं हवी असतात, मेट्रो स्टेशन नाही. तुमच्या यादीतल्या कॉलेजला मात्र विचारा की पूर्ण सेमिस्टरची इंटर्नशिप देता का आणि त्याचे क्रेडिट मोजता का. नाही म्हणाले तर शहराच्या बाजूला वजन वाढतं, तेवढं मी मान्य करते.

चौथी गोष्ट कुणीच विचारत नाही. तुमच्या ब्रँचचा धंदा नेमका कुठे आहे? लोकेशन म्हटलं की पुणे-मुंबईच डोळ्यांसमोर येतं, पण टेक्स्टाईल करायचं तर इचलकरंजीइतकी चांगली जागा कुठली, डीकेटीई हे टेक्स्टाईलचं कॉलेज तिथेच आहे आणि गावभर माग चालू आहेत. फाउंड्री आणि मेकॅनिकलसाठी कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसी आहेत, ऑटोसाठी संभाजीनगरचं वाळूज आहे. केमिकलवाल्यांना माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) मिळत असेल तर प्रश्नच मिटला, तिथे डिपार्टमेंटही भक्कम आणि मुंबईही. कॉम्प्युटरवाल्यांचं काम लॅपटॉपवर, त्यांना पहिली तीन वर्षं शहराची गरज सगळ्यात कमी, आणि नेमके तेच शहरासाठी सगळ्यात जास्त हटून बसतात.

जोड्या लावा

चाळीस कॉलेजं एकदम तोलता येत नाहीत. एका वेळी दोनच घ्या. समजा एका बाजूला वालचंदचं इलेक्ट्रिकल आणि दुसऱ्या बाजूला पुण्याच्या हद्दीबाहेर अलीकडेच निघालेल्या कॉलेजचं इलेक्ट्रिकल. डिपार्टमेंटमध्ये उघड फरक आहे, वालचंद वर, चर्चा संपली. डिपार्टमेंट साधारण सारखीच असतील तर मग खुशाल शहर बघा, आणि त्यात आधी प्रवासाचा वेळ, मग राहण्याचा खर्च, मग बाकीचं. दोन्ही कॉलेजं लोणेरेच्या बाटूला (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ) जोडलेली असतील आणि ऑटोनॉमस नसतील तर सिलॅबस आणि पेपर एकच असतो, एक पुण्यात आणि एक लातूरला असलं तरी, तिथे फरक फक्त शिकवणाऱ्यांचा आणि लॅबचा, त्यामुळे तिथे डोळे झाकून पुणे वर टाकणाऱ्यांना मी उठवून परत बसवते.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगते. जवळ हा निकष म्हणून ठेवू नका, सुरक्षित हा ठेवा, आणि तो तपासा. हॉस्टेल कॅम्पसच्या आत आहे का, रेक्टर तिथेच राहतात का, लॅब उशिरा सुटली तर परतायला काय मिळतं. आत हॉस्टेल असलेलं तीनशे किलोमीटरवरचं कॉलेज हे रोज दोन एसट्या बदलून जायच्या जवळच्या कॉलेजपेक्षा कितीतरी बरं असतं. मार्क मिळवलेल्या मुलीला फक्त अंतरासाठी कमी दर्जाच्या डिपार्टमेंटला पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो दर वर्षी माझ्या समोर होतो.

फॉर्ममधला क्रम

खरी आवड त्या क्रमाने लिहा. वरचं "मिळणार नाही" म्हणून खाली टाकू नका, वर लिहिल्याने खालच्या जागेचा चान्स कमी होत नाही. तीनशेपर्यंत ऑप्शन देता येतात, सगळे भरायची सक्ती नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. 2025 च्या प्रवेशात चार राउंड होते, पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्याला पहिल्या सहापैकी एखादा मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होत होती, मग पुढे बदल नाही. नियम दर वर्षी माहिती पुस्तिकेत वाचा, बदलतात. पण याचा अर्थ असा की वरच्या सहा जागा या शंभर टक्के जायचंच आहे अशाच हव्यात. कुणी मामा म्हणाले म्हणून तिसऱ्या नंबरवर पुण्याचं एखादं नाव टाकलं आणि दुसऱ्या राउंडला तेच लागलं, तर तिथे जायचं किंवा कॅपच्या बाहेर पडायचं.

बेटरमेंट घेतली, म्हणजे हातातली सीट ठेवून पुढच्या राउंडला वरच्या ऑप्शनची वाट बघितली, तर वरचं मिळाल्यावर आधीची सीट जाते, परत मागता येत नाही. म्हणून प्रत्येक राउंडच्या आधी हातातल्या सीटच्या वर लिहिलेलं एकेक नाव परत वाचा आणि ज्याच्याबद्दल "हे मिळालं तर हातातली सोडेन" असं घरातल्या सगळ्यांसमोर म्हणता येत नाही, ते नाव काढून टाका.