लोकलच्या प्रवासासाठी मेसेंजर बॅग: घेण्याआधीची तयारी

जूनच्या सुमारास नवी नोकरी लागलेली कितीतरी मुलंमुली डोंबिवली, विरार, पनवेलहून पहिल्यांदाच रोजच्या गर्दीत उतरतात आणि नेमका तेव्हाच पाऊसही सुरू होतो. मेसेंजर बॅग, म्हणजे एका पट्ट्याने खांद्यावरून आडवी अडकवायची झाकणाची बॅग, घ्यायचीच असेल तर मे महिन्यातच घ्या, म्हणजे निवांत बघता येते. दुकानात जाण्याआधी घरी एक काम उरका. रोज जे जे नेणार आहात ते सगळं पलंगावर मांडा: लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री, चष्मा, औषधं, एखादी वही. मग हे सगळं एका पिशवीत भरून वजनकाट्यावर उभे राहा, पिशवी खाली ठेवून पुन्हा उभे राहा आणि वजाबाकी करा.

हा आकडा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. चौदा इंची लॅपटॉप साधारण दीड किलोचा, चार्जर पाव किलोच्या आसपास, पोळीभाजीचा डबा पाऊण किलो आणि स्टीलची लिटरभराची बाटली भरली की सव्वा किलोच्या पुढे. त्यात छत्री आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरलं की पाच किलो सहज होतात. एका खांद्यावर पाच किलो घेऊन तासभर उभं राहणं रोजच्या रोज करण्यासारखं नाही. माझ्या मते बॅगेसकट चार किलोच्या आत राहत असाल तरच एका पट्ट्याची मेसेंजर बॅग घ्या. त्यापुढे दोन पट्ट्यांची सॅक बरी. मान किंवा खांदा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका खांद्याच्या बॅगेच्या नादी लागू नका. वजन कमीही करता येतं. जास्तीचा चार्जर ऑफिसच्या खणात ठेवला आणि बाटली अर्धीच भरून नेली, की जवळपास पाऊण किलो भार उतरतो.

वजनानंतर मापं घ्या. लॅपटॉपचे इंच हे पडद्याच्या कर्णाचे असतात, त्यावरून बॅग निवडायला गेलात तर फसगत होते. पट्टी घेऊन लांबी, रुंदी, जाडी प्रत्यक्ष मोजा आणि त्या मापाचा पुठ्ठा कापून दुकानात न्या. दुकानदाराने ‘पंधरा इंची बसतो’ म्हटलं तरी पुठ्ठा घालून बघा. डब्याचंही तसंच. गोल डबा आडवा धरला तर दहा-बारा सेंटीमीटर जागा खातो आणि बॅगेला पोट सुटतं. मेसेंजर बॅगेला चपटा, चौकोनी, घट्ट झाकणाचा डबाच सोयीचा. आमटी किंवा रस्सा नेणार असाल तर डब्यासाठी वेगळी धुता येणारी पिशवी आत्ताच यादीत लिहून ठेवा. तेलकट रस्सा अस्तरात मुरला की वास जाता जात नाही.

मेसेंजर बॅग मुळात सायकलवरून टपाल आणि कागदपत्रं पोचवणाऱ्यांची. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ती रुळली; टिंबक टू ही बॅगांची कंपनी १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या अशाच एका सायकल मेसेंजरने सुरू केली. १९९३ मध्ये झुरिकच्या फ्रायटाग बंधूंनी ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीपासून, गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा आणि सायकलच्या ट्यूबची किनार लावून, पावसात टिकणारी बॅग शिवली. मोठं झाकण, रुंद पट्टा, अंगावरून न काढता पाठीवरून पोटावर फिरवता येणं, हे गुण त्या कामातून आले आणि तेच गुण आपल्याला लोकलमध्ये हवेत. गाडीत शिरताना बॅग पुढे घ्यायची, उतरताना छातीशी धरायची, ही इथली रोजची कवायत आहे. त्यामुळे पट्टा झटकन आखूड करता येतो की नाही, याला मी कापडाहूनही जास्त महत्त्व देते.

तरी कापडाचं आधी सांगून टाकते, कारण विक्रेता बोलायला सुरुवात तिथूनच करतो. लेबलवर ६०० डी, १००० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा धागा जाड. स्वस्त बॅगांत बहुधा ६०० डेनियर पॉलिएस्टर असतं आणि हलक्या वापराला ते पुरतं. रोज गर्दीत घासली जाणारी बॅग हवी असेल तर ५०० ते १००० डेनियरचं कॉर्ड्युरासारखं नायलॉन बघा. घासण्याला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा जास्त तग धरतं. जाड सुती कॅनव्हास दिसायला देखणा आणि हाताला छान लागतो, पण मुंबईच्या पावसात तो भिजला की लवकर वाळत नाही आणि बुरशी धरतो. मेण चढवलेला कॅनव्हास पाणी अडवतो, मात्र उन्हाळ्यात चिकट होऊन पांढऱ्या शर्टावर डाग पाडू शकतो. अस्सल चामडं वर्षानुवर्षं टिकतं, धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडवर त्याची चांगली दुकानंही आहेत. पण ते जड असतं आणि पावसाळ्यात त्याची नियमित पुसापुशी करायची तयारी लागते. चामड्यासारखं दिसणारं पीयू (वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेलं कापड) मात्र रोजच्या बॅगेसाठी घेऊच नका. आपल्या दमट हवेत त्याचा वरचा थर ओलाव्यानेच कुजतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात, मग तुम्ही कितीही जपून वापरा. शबनम हलकी आणि सुंदर, पण लॅपटॉपसाठी नाही. धक्का झेलायला तिच्यात काहीच नसतं.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तिथे येऊ. बॅग सहसा कापडात फाटत नाही, ती जोडात जाते. पट्टा जिथे बॅगेला शिवलाय ती जागा उजेडात धरा. तिथे टिपांचा चौकोन आणि त्याच्या आत फुली दिसली पाहिजे, किंवा अगदी जवळजवळ मारलेल्या आडव्या टाक्यांची जाड पट्टी तरी. एकच सरळ टीप असेल तर बॅग परत ठेवा. पट्ट्याचं टोक शिवणीच्या आत किती गेलंय हे आतून बोटाने चाचपा. अर्धा इंचच असेल तर भार पडल्यावर ते सुटून येणार. मग बॅग पूर्ण उलटी करा. दुकानदार नाराज झाला तरी करा. आतल्या कापडाच्या कडा उघड्या आणि धागे सुटलेल्या आहेत, की त्यांवर पट्टी शिवून त्या बंद केल्यात? उघडी कड रोजच्या ओढाताणीत उसवत शिवणीपर्यंत पोचते. टाके मोजा: जाड कापडावर इंचाला साधारण सहा ते आठ टाके बरे. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती असं नाही. फार दाट टाके मारले की कापड पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं भोकाभोकांचं होतं आणि त्याच रेषेत फाटतं. धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. सुती धागा ओलाव्याने कुजतो.

पट्ट्याचे हूक आणि रिंगाही अशाच बघा. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचे चकचकीत हूक फिरत्या मानेपाशी तुटतात आणि ते तुटायची वेळ हमखास पूल चढताना किंवा गाडी पकडताना येते. खिशात छोटं लोहचुंबक घेऊन जा. चिकटलं तर साधं लोखंड असण्याची शक्यता मोठी, आणि खाऱ्या हवेत ते गंजणार. चिकटलं नाही तर पितळ, स्टेनलेस स्टील किंवा जस्त यांपैकी काहीही असू शकतं, तेव्हा तोलून बघा, हुकाची फिरती मान हलवून बघा. रिंगेचा जोड वेल्डिंगने बंद केलेला असावा. नुसती वाकवलेली रिंग ताणाने उघडते आणि पट्टा निसटतो. माझी पसंती हूक नसलेल्या बॅगेला, जिच्यात पट्टा थेट शिवलेला असतो. तुटायला एक जागा कमी.

पट्टा चार-पाच सेंटीमीटर रुंद हवा आणि खांद्यावरची गादी सरकवता आली पाहिजे. दुकानात बॅगेत वजन भरून (पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या, मिळेल ते) अंगावर घ्या आणि जागच्या जागी चार उड्या मारा. लांबी धरून ठेवणारं बक्कल घसरलं तर तुमची बॅग रोज संध्याकाळपर्यंत गुडघ्याला येईल. एका हाताने आखूड करून बघा, कारण दुसऱ्या हातात दांडा असणार. पट्ट्याचं लोंबतं टोक हा लोकलमधला खरा धोका आहे. दारातल्या गर्दीत ते दुसऱ्याच्या बॅगेत, ओढणीत अडकतं आणि उतरताना माणूस ओढला जातो. जास्तीचा पट्टा दुमडून रबरात अडकवा किंवा कापून टोक मेणबत्तीवर हलकंसं वितळवून घ्या. झटकन सुटणारं बक्कल असेल तर उत्तमच; बॅग अडकलीच तर तिला सोडून देता येतं.

चेनबद्दल थोडक्यात, पण हे तपासायला विसरू नका. मुख्य कप्प्याची चेन ८ किंवा १० नंबरची, छोट्या खिशांची ५ नंबरची चालेल. रनर कोपऱ्यातून वळताना अडतो का, एका हाताने सरकतो का, ते दहा वेळा उघडबंद करून पाहा. जपानी वायकेके कंपनीचं नाव रनरवर असलं तरी नक्कलही बाजारात मिळते, म्हणून नावापेक्षा हाताला काय जाणवतं त्यावर भरवसा ठेवा. चेन मागून उघडी पडायला लागली तर बहुतेकदा दात गेलेले नसतात, रनर झिजलेला असतो. तेवढाच बदलून मिळतो, अख्खी चेन बदलायची गरज नसते. झाकणाखाली मुख्य कप्प्याला चेन नसलेल्या बॅगा पुष्कळ मिळतात. गर्दीसाठी त्या घेऊ नका. खिसेकापूंचा प्रश्न आहेच, शिवाय रॅकवर आडवी पडलेली बॅग गाडीच्या धक्क्याने रिकामी होते. नुसत्या वेल्क्रोवरही विसंबू नका. त्यात कचरा अडकून तो निकामी होतो, आणि शेजारणीच्या साडीचे धागे ओढले जातात ते वेगळंच.

रॅकचा विषय निघालाच आहे तर, बॅगेच्या वर हातात धरायची एक मजबूत मूठ हवीच. ‘जरा वर ठेवता का?’ म्हणून आपण बॅग अनोळखी माणसाच्या हाती देतो, तेव्हा लांब पट्टा धरून ती वर चढवणं त्याला कठीण जातं. रॅकवर सगळ्याच बॅगा काळ्या, म्हणून मुठीला रंगीत नाडी बांधा आणि आतल्या खिशात नाव व फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा. विसरलीच तर रेल्वेचा मदतीचा क्रमांक १३९ आहे. गाडीची वेळ आणि डबा सांगता आला तर शोध सोपा होतो.

आतल्या रचनेत अस्तर फिकट रंगाचं बघा, काळ्या अस्तरात काळं पेन शोधता शोधता स्टेशन येतं. लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून थोडा वर टांगलेला असावा. हात घालून बघा: खाली दोन बोटं जागा सापडली तर बॅग फरशीवर टेकवली तरी धक्का थेट लॅपटॉपला बसत नाही. मोबाइल आणि पासचा खिसा अंगाच्या बाजूला आणि चेनचा हवा. ओल्या छत्रीला बाहेरचा वेगळा कप्पा असेल तर सोन्याहून पिवळं.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर मात्र जाऊ नका. कापड पाणी अडवतं, पण सुईच्या भोकांतून आणि चेनमधून ते शिरतंच. झाकण दोन्ही बाजूंनी खाली उतरतंय का ते बघा, कारण तिरका पाऊस बाजूनेच आत येतो. बॅग घरी आली की आत वर्तमानपत्र भरून न्हाणीघरात वरून मगभर पाणी ओता आणि कागद कुठे भिजला ते पाहा. पण आधी बॅग ठेवायची हे पक्कं करा, ओली बॅग दुकानदार परत घेणार नाही. चाचणीचा निकाल काहीही लागो, लॅपटॉपसाठी एक जाड, तोंड गुंडाळून बंद करता येणारी पिशवी आत ठेवाच.

नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी भरलेली बॅग अंगावर घेऊन अर्धा तास चाला, स्टेशनचा पूल चढून उतरा. पट्टा मानेला कापतोय का, बॅग मांडीवर आपटतेय का, हे तेव्हाच कळतं. बिल आणि हमीपत्र एकत्र ठेवा आणि हमी नीट वाचा. बहुतेक हम्या बनावटीच्या दोषांपुरत्या असतात, वापराने झालेली झीज त्यांत धरत नाहीत. पुढे पहिला धागा सुटलेला दिसला की त्याच आठवड्यात स्टेशनबाहेरच्या बॅग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या, नायलॉनच्या धाग्याने दुहेरी टीप मारायला आणि आतून कापडाचा तुकडा लावायला सांगा. दर रविवारी बॅग उलटी करून झटका, चुरा राहिला की मुंग्या येतात. धुवायची झाली तर मशीनमध्ये नको, साध्या साबणाने हाताने धुऊन सावलीत वाळवा. आणि जुनी बॅग लगेच कुणाला देऊन टाकू नका. जुलैत नवी बॅग वाळत पडलेली असेल, तेव्हा एखादा दिवस तीच न्यावी लागेल.